जुन्या पाख्याचं पाणी : दापोलीतल्या एका घराची दुरुस्ती आणि वाढ

दापोली तालुक्यातलं हे घर. गाव किनाऱ्यापासून जरा आत, घराच्या मागे आंबा-फणस, एका अंगाला पोफळी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात असंख्य घरांची कौलं उडाली. या घराचीही पुढच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या पुढच्या उतरत्या बाजूची, वळचणीकडची आणि आढ्यावरची कौलं गेली. मागच्या अंगणातला फणस मुळासकट उपटला आणि स्वयंपाकघराच्या छपरावर आडवा झाला. सगळी माणसं माजघरात होती, म्हणून कोणाला काही झालं नाही.

घरात थोरले काका-काकू आणि काकांची आई राहतात. आजींनी ऐंशी ओलांडली आहे. धाकटे काका डोंबिवलीला, पुढची पिढी पुण्या-मुंबईत. गणपतीला आणि मे महिन्यात घर भरतं. छप्पर उतरवायचंच आहे तर त्याच खटाटोपात मागे दोन खोल्या आणि संडास-न्हाणी वाढवून घ्यावी, असं दोघा भावांचं ठरलं. एका ठेकेदाराने आराखडाही देऊन ठेवला होता. त्यात मागची पडवी पाडायची होती, माजघराच्या मागच्या भिंतीला भिडवून आरसीसीचे खांब उभे करायचे होते आणि वर सपाट स्लॅब टाकायचा होता. जुन्या मागच्या पाख्याचं पाणी त्या स्लॅबवर पडणार आणि तिथून पाइपाने बाजूला जाणार. दर परवडणारा होता, काम एका मोसमात उरकणार होतं. धाकट्या काकांना एका गोष्टीची रुखरुख होती, ती म्हणजे माजघराला मागून येणारा उजेड बंद होईल. त्यासाठी त्यांनी मला बघायला बोलावलं.

उजेडाचा प्रश्न खराच होता, पण त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा होता. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथलं जुनं घर बांधणाऱ्याने प्रत्येक गोष्ट या पाण्याचा विचार करून केलेली असते. उतरतं छप्पर, लांब आलेली वळचण, उंच जोतं (घराचा चौथरा), चहूबाजूंनी पडवी. मधल्या जाड भिंतींना पाऊस शिवतच नाही, तो पडवीवरच अडतो. पडवी पाडून तिच्या जागी स्लॅब आणला, की मागच्या भिंतीच्या डोक्याशी उतरतं कौल आणि सपाट स्लॅब यांच्यात एक पन्हळ तयार होते. अख्ख्या पाख्याचं पाणी, वरून झाडाचा पाला, सगळं त्या पन्हळीत. ती तुंबली की पाणी मागे, म्हणजे माजघरात उतरणार. असे सांधे मी गावोगाव बघितले आहेत आणि पाचव्या-सहाव्या पावसाळ्यानंतर कोरडा राहिलेला एकही माझ्या बघण्यात नाही. दरवर्षी डांबर, मग सिमेंट, मग सगळ्यावर पत्रा, असा तो प्रवास ठरलेला असतो.

घर नेमकं कसं आहे

मधे माजघर, त्याला लागून देवघर आणि बाळंतिणीची खोली, पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, तीन बाजूंनी पडवी. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या, दीड फुटाच्या. वर माळा. खांब आणि तुळया बहुतेक ऐनाच्या, काही किंजळीच्या. न्हाणी आणि संडास अंगणापलीकडे.

घर किती जुनं, यावर घरात एकमत नव्हतं. काही कौलांच्या पाठीवर 1865 असा आकडा आहे, त्यावरून ‘दीडशे वर्षांचं घर’ अशी समजूत होती. तो आकडा मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला त्या वर्षाचा आहे. पुढे कैक वर्षं तो छापून येत राहिला. शिवाय कौलं घराहून वेगळ्या वयाची असू शकतात. इथेच बघा, माळ्यावरच्या जुन्या वाशांना रिपांच्या (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या) खिळ्यांची भोकं दोन वेगवेगळ्या अंतरांवर होती. म्हणजे आधी वर नळीची कौलं होती, मंगळुरी कौलं मागाहून चढली. घर कधी झालं हे सांगणारा कागद नाही. दुरुस्तीला त्याची गरजही नव्हती. कोणता भाग कधी बदलला एवढं कळलं तरी पुरे, आणि ते लाकडानेच सांगितलं.

बदलांतला सर्वांत घातक बदल मात्र जुना नव्हता. पंचवीसेक वर्षांपूर्वी अंगण चिखलाचं नको म्हणून भर घालून काँक्रीट केलं होतं. त्याच सुमारास आत सारवणाची जमीन काढून चकचकीत फरशी बसवली आणि भिंतींना कमरेइतका सिमेंटचा गिलावा केला. प्रत्येक गोष्ट करताना हेतू चांगलाच होता; सारवायला माणूस मिळत नाही ही खरी अडचण आहे. पण दोन फुटांचं जोतं अंगणाची उंची वाढल्यामुळे जेमतेम सहा-सात इंच उरलं. पागोळ्यांचं पाणी काँक्रीटवर आपटून थेट भिंतीवर उडू लागलं. जांभा हा छिद्रांचा दगड आहे. तो जमिनीतली ओल ओढतो आणि उघड्या अंगाने ती हवेत सोडतो. जमिनीवर फरशी आली आणि भिंतीवर सिमेंट आलं, तेव्हा ओलीला बाहेर पडायला जागा राहिली नाही आणि ती गिलाव्याच्या वर चढली. कमरेच्या वर भिंतीला जो पांढरा क्षार आणि पापुद्रे दिसत होते, ते सगळे याचे. सगळे म्हणत होते, ‘घर जुनं झालं, ओल मारतं.’ ओल मारायला लागून पंचवीस वर्षं झाली होती, त्याआधी मारत नव्हती, हे आजींनीच सांगितलं. बाळंतिणीच्या खोलीत त्यांची चार बाळंतपणं झाली, तेव्हा ती खोली घरातली सर्वांत कोरडी खोली होती.

तडा

मागच्या डाव्या कोपऱ्यात जोत्यापासून खिडकीपर्यंत तिरका तडा होता. घरात सांगत की तो कोयनेच्या भूकंपातला. 11 डिसेंबर 1967 चा तो धक्का कोकणात सगळीकडे जाणवला होता, तेव्हा म्हणणं अशक्य नव्हतं. पण भूकंपाचा तडा असेल तर तो एकदा पडून थांबलेला असतो. त्यात माती-चुना भरला की काम झालं. जागता, म्हणजे अजून हलणारा तडा असेल तर भरून उपयोग नाही.

छपराच्या लाकडासाठी आम्हाला तसंही थांबायचं होतं, ते पुढे सांगतो. त्या मुदतीत तड्यावर आडव्या काचेच्या अरुंद पट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकं भिंतीला घट्ट चिकटवून, शेजारी तारीख लिहून. भिंत हलली तर काच ताणत नाही, सरळ तुटते. उन्हाळाभर पट्ट्या शाबूत होत्या. पाऊस लागून जमीन पुरती भिजल्यावर खालची पट्टी तुटली, मग मधली. वरची टिकली. म्हणजे कोपऱ्याचा पाया दर पावसात थोडा बसत होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. स्वयंपाकघराचं छप्पर आणि मुख्य पाखा यांच्यामधली पन्हळ नेमकी त्या कोपऱ्यावर सुटत होती. त्या कोपऱ्याशी खणून बघितलं तर पायाचे चिरे ठीक होते, पण त्यांच्या सांध्यातली माती धुऊन गेली होती. बोटं आत जात होती. कोयनेला उगाच दोष लागला होता. आणि त्याच कोपऱ्याला लागून नव्या इमारतीचा खांब यायचा होता! नवं बांधकाम पहिली काही वर्षं स्वतःच्या वजनाने बसतं, जुनं आपलं बसून मोकळं झालेलं असतं. दोन्ही एकत्र बांधली की नवं खाली जाताना जुन्याला ओढतं आणि फाटतो तो जुना कमकुवत चिरा.

एवढं झाल्यावर दोघा काकांसमोर कागदावर पाण्याच्या वाटा काढून दाखवल्या. कोणत्या पाख्याचं पाणी कुठे पडतं, तिथून कुठे वाहतं, कुठे मुरतं. आधी ही चित्रं, खोल्यांचा आराखडा नंतर. धाकटे काका म्हणाले, “म्हणजे नवीन बांधायचंच नाही का?” बांधायचं, पण घराला न चिकटवता. आजींचं म्हणणं तेवढं स्पष्ट होतं : “रात्रीचं अंगण ओलांडून जायला लागू नये, एवढं बघ रे. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा.” आमचा सगळा आराखडा या एका वाक्यावर बसवलेला आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. घर वडिलोपार्जित, सामाईक. आत्यांचा हिस्सा आहे, म्हणून त्यांची लेखी संमती आधी घेतली. ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टीची नोंद) आणि सातबारा यांतली नावं जुळवून घेतली. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची रेषाही बघावी लागते, हे घर त्यापासून लांब आहे. वाद नसताना हे कागद करून घेणं सोपं असतं, भिंत उभी राहिल्यावर नाही.

लाकूड आणि कौलं

पडलेला फणस वाया घालवायचा नाही, असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी स्वतः त्या झाडाचे फणस तीस-चाळीस वर्षं उतरवलेले. फणसाचं पिवळं लाकूड घरकामाला चांगलं, पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण ओलं लाकूड छपराला वापरलं की ते जागेवर वाळताना पिळतं आणि कौलांच्या रांगा वाकड्या होतात. म्हणून खोड कापून, चिरून, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घालून गोठ्याच्या सावलीत रचून ठेवलं, टोकांना रंग फासला म्हणजे ती लवकर सुकून तडकणार नाहीत. तोवर घरावर ताडपत्री आणि जुने पत्रे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा त्या पत्र्यांवर चिरे ठेवून रात्र काढावी लागली. काम सुरू झालं ते 2021 च्या दिवाळीनंतर, पाऊस पुरता थांबल्यावर. कोकणात छप्पर उघडायचं तर दिवाळी ते मे एवढीच खिडकी. मृगाआधी घर शाकारून झालंच पाहिजे.

कौलं उतरवल्यावर सुताराने एकेका तुळईची टोकं टोचणीने तपासली. मधे लाकूड इतकं निबर की टोचणी उसळत होती. भिंतीत घुसलेल्या टोकांना मात्र ती दोन-तीन इंच आत गेली. तुळई नेहमी टोकाला मरते, कारण तिथे ओली भिंत तिला धरून असते. अख्खी तुळई बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्यात नवं लाकूड विकणाऱ्याचा फायदा. आमच्या सुताराने सडलेलं टोक कापलं, तिरकी लांब खाच घेऊन वाळलेल्या फणसाचं नवं टोक सांधलं, वरून बोल्ट आवळले. भिंतीत बसणाऱ्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, म्हणजे हवा खेळते. बहुतेक तुळया अशा वाचल्या. साठीच्या पुढचा हा माणूस. एका सांध्यावर दुपार घालवायचा, पट्टी लावून बघायचा, पुन्हा तासायचा. अशा हातांना आज कोकणात किती काम मिळतं, हा विचार मनातून जात नाही. स्लॅबच्या घरांनी त्यांच्या हातचं काम काढून घेतलं आहे.

कौलांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण इथे लोक फसतात. मंगळुरी कौल म्हणजे सगळी एकच, असं नाही. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत; डोळ्याला दिसत नाही एवढा फरक असतो, पण पाच-सहा रांगांत तो साचतो आणि कौल उचलून बसतं, तिथून पाणी आत. आम्ही उतरवलेली कौलं पाठीवरचा छाप बघून वेगवेगळ्या ढिगांत लावली, बोटाच्या पेराने वाजवून खणखणीत ती ठेवली, बद्द वाजणारी काढली. एका छापाची सर्वांत जास्त कौलं मुख्य घराच्या पुढच्या पाख्याला पुरली, दुसऱ्या छापाची मागच्या पाख्याला. नवी कौलं फक्त वाढीव भागावर. जुन्या-नव्याची सरमिसळ एकाही पाख्यावर नाही.

चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं लागतात, कौल दोन-अडीच किलोचं. एरवी हे वजनच छप्पर धरून ठेवतं, पण वादळात वारा वळचणीखालून शिरतो आणि कडेची कौलं उचलतो. एकदा भोक पडलं की आतल्या दाबाने बाकीची जातात. म्हणून वळचणीच्या दोन रांगा आणि कडांची कौलं तारेने रिपेला बांधली. मंगळुरी कौलाच्या पाठीमागे तारेसाठी भोक असतंच, आपल्याकडे ते कोणी वापरत नाही. वासे खालच्या तुळईला आणि तुळई भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडली. या सगळ्याचा खर्च छपराच्या खर्चात नगण्य होता.

माकडांचं काय, हा प्रश्न गावातल्या प्रत्येकाने विचारला. खरं आहे, वानरांच्या उड्यांनी कौलं फुटतात आणि त्याला कंटाळूनच लोक पत्रा घालतात. मी पत्र्याला नावं ठेवणार नाही. ज्यांच्या घरी चढायला कोणी नाही त्यांनी दुसरं काय करावं? मुख्य छपरावर आम्ही झेपेच्या अंतरातल्या फांद्या छाटल्या आणि शंभरेक जोडीची कौलं माळ्यावर राखून ठेवली. वाढीव भागावर वाशांवर आधी पत्रा, त्यावर रिपा आणि कौलं केली. तिथे कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही.

वाढ

नवा भाग मुख्य घरापासून सहा फूट लांब उभा आहे, मागच्या डाव्या अंगाला. एक खोली आजींची, एक पाहुण्यांची, मधे न्हाणी-संडास. मागची पडवी जशीच्या तशी ठेवली आणि तिच्यापासून नव्या भागापर्यंत एक छपराची वाट काढली, दोन्हीकडून उघडी. या वाटेचं छप्पर जुन्या वळचणीच्या खाली वीतभर शिरतं, तिला कुठेही टेकत नाही. जुन्याचं पाणी त्याच्यावर पडतं आणि त्याच उताराने बाजूच्या चरात जातं. भिंतीशी पन्हळ नाही, सपाट सांधा नाही, तुंबायला जागा नाही. वाटेची जमीन पडवीच्या पातळीत, पायरी नाही, एका बाजूला कठडा. आजी रात्री बिछान्यातून उठून न्हाणीत जातात त्याला आता बाहेर पाय ठेवावा लागत नाही, आणि दिवसा माजघरात यायला त्या याच वाटेने येतात. माजघराची मागची खिडकी सहा फुटांच्या मोकळ्या जागेमुळे उघडी राहिली. वर काचेची दोन कौलं घातल्यावर देवघरातही दिवसाचा दिवा लागत नाही.

नव्या भागाच्या भिंतीही चिऱ्याच्या, पण सिमेंटमध्ये, जोत्याला आणि खिडक्यांच्या डोक्यावर आरसीसीचा पट्टा. न्हाणीघर असलेल्या नव्या बांधकामाला ते योग्यच आहे. जुन्या पद्धतीचा हट्ट जुन्या भिंतींपुरता. संडासाच्या टाकीची जागा ठरवताना विहीर आड आली. सर्वसाधारणपणे शोषखड्डा विहिरीपासून पन्नास-साठ फूट दूर असावा म्हणतात, पण जांभ्यात भेगा असतात आणि पाणी त्यांतून लांबवर जातं. म्हणून पाइप वाढवून तो परसाच्या उताराच्या दुसऱ्या टोकाला नेला, विहिरीच्या खालच्या अंगाला.

मुख्य घरात सर्वांत जास्त फरक पडला तो न दिसणाऱ्या कामांनी. घराभोवतीचं काँक्रीट फोडून अंगण मूळ पातळीला आणलं. जोत्याचा खालचा चिरा पंचवीस वर्षांनी उजेडात आला. पागोळ्या पडतात त्या रेषेवर खडीचा चर, त्याचा उतार बागेकडे. डाव्या कोपऱ्याचा पाया थोडा थोडा उघडून सांध्यांत चुन्याचा माल ठासला. सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढला आणि भिंती अख्खा उन्हाळा उघड्या ठेवल्या. मग कळीचा चुना भिजवून, मुरवून, वाळू आणि विटांचा भुगा घालून चुन्याचा गिलावा. आतली चकचकीत फरशी काढून खडी आणि वाळूवर शहाबादी बसवली, सांधे चुन्याचे. सारवणाला ती काकूंनी मान्य केलेली तडजोड.

खर्चात जवळजवळ निम्मा वाटा जुन्या घराच्या छपराचा, तिसरा हिस्सा नव्या भागाचा, उरलेला गिलावा, चर आणि पायाचा. एकूण आकडा ठेकेदाराच्या पहिल्या दरापेक्षा जास्त आला, मजुरीमुळे. साहित्याचा खर्च उलट कमी होता. ज्यांच्यापाशी एवढे पैसे एकदम नसतील त्यांना मी सांगेन की आधी अंगण खाली उतरवा, चर काढा आणि सिमेंट खरवडा. हे दोन गड्यांचं काम आहे आणि घराला सर्वांत आधी तेच लागतं. खोल्या मागाहून येऊ शकतात.

तड्यावर काम झाल्यानंतर पुन्हा काचेच्या पट्ट्या लावल्या होत्या. त्यानंतरचे पावसाळे त्यांनी काढले, एकही तुटलेली नाही. बाळंतिणीची खोली कोरडी झाली आहे. उत्तरेकडची भिंत अजून पुरती सुकलेली नाही; तिथे ऊन येत नाही आणि इतक्या वर्षांचा क्षार निघायला वेळ लागतो, म्हणून तिचा चुन्याचा शेवटचा हात राखून ठेवला आहे. काकांनी मागच्या मे महिन्यात स्वतः वर चढून शाकारणी केली, सोबतीला पुण्याचा नातू होता. माळ्यावरच्या राखीव कौलांपैकी पाच लागली.